बर्फाचा परिच्छेद

१२ ऑगस्ट, मंगळवार. अड्यार

बर्फाचा परिच्छेद उद्या छापून येतोय. एक शब्दही न कापता.

कोळंबी निर्यात करणाऱ्या कंपनीने आपल्या अहवालात हरितगृह वायू मोजले ते फक्त बोटींच्या डिझेलचे. कोळंबी गार ठेवणाऱ्या बर्फाचा हिशेब कुठे आहे, एवढंच मी लेखातल्या एका परिच्छेदात विचारलं होतं. सकाळी संपादक हसला. "बर्फातून कुठे धूर निघतो, मॅडम? जागा कमी आहे, काढून टाका." मीही डळमळले. उगीच हट्ट करतेय का?

म्हणून दुपारी पुन्हा बंदरावर गेले. बर्फाच्या कारखान्यातली वीज गेली होती आणि आवारात डिझेलचा जनरेटर धडधडत होता. बोटवाले सेल्वम अण्णा म्हणाले, "बर्फ भरल्याशिवाय आमची बोट धक्का सोडत नाही. कंपनीला काय वाटतं, कोळंबी गारच जन्मते?" हे वाक्य आणि जनरेटरचा फोटो मी कंपनीच्या व्यवस्थापकाला पाठवला. पाचपर्यंत उत्तर द्या म्हटलं.

पावणेपाचला त्याचा फोन आला. "बर्फ आम्ही हिशेबात धरलाच नव्हता. अहवाल दुरुस्त करतोय. तसं छापा."

संपादकाला सांगितलं. तो म्हणाला, "पानावरची जाहिरात काढतो. तुमचा मजकूर पूर्ण जाऊ दे."

इतक्या वर्षांत माझ्या मजकुरासाठी कुणी जाहिरात काढली नव्हती.