सोनुबाईंचे दात आणि माझा बॅकअप कॅमेरा

३० ऑगस्ट
दहिवलीत राहून कलात्मक काही घडणं अवघडच, पण आज घडलं. शेजारच्या सोनुबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, बाय, माजा येक फोटू काड गं, हाराचा. आधारकार्डावर मी चोरटीवानी दिसतंय. दात हायत तवर काड. पुढचे तीन हलताहेत, डॉक्टर काढणार आहेत. मेल्यावर भिंतीवर लागायचा फोटो जिवंतपणी स्वतः ठरवणारी बाई! मला आवडलं. शब्द दिला. त्यांची सून हर्षला मला म्हणाली, काकी, मी काढते ना मोबाईलवर. मोबाईल! त्याच्यावर लोक मिसळीचे फोटो काढतात.

२ सप्टेंबर
छोटा मिररलेस कॅमेरा घ्यायचा. बॅकअप म्हणून. मेन कॅमेरा आहेच, रोलवाला, बाबांनी दिलेला. तो बंद आहे हा तपशील झाला. नेटवर जिथे तिथे 'एन्ट्री-लेव्हल', म्हणजे नवशिक्यांसाठी. मला? कॉन्व्हेंटात नन्सच्या हाताखाली फोटोग्राफी शिकलेल्या बाईला?

५ सप्टेंबर
पनवेलच्या दुकानात गेले. सेल्समन म्हणाला, आंटी, तुम्ही बिगिनर ना, हा घ्या, सगळं आपोआप करतो. म्हटलं, मग मी कशाला हवी, त्यालाच पाठव फोटो काढायला. दुसऱ्याला डोळा लावायला खिडकीच नाही. भाजीच्या पिशवीसारखा हात लांब करून धरायचा म्हणे. तिसरा पसंत. काळा की रुपेरी, हे ठरवायला घरी आले.

९ सप्टेंबर
काळा. पण पितृपक्ष लागला. मी असलं काही मानत नाही. न मानता थांबलं तर बिघडतं काय? दसऱ्याला घेईन. सोनुबाई म्हणाल्या, पितरांचं काय घेऊन बसलीस गं, मीच चाललंय त्यांच्याकडं.

१७ सप्टेंबर
व्हिडिओ पाहिले. एक दाढीवाला म्हणतो सेन्सर मोठा हवा. दुसरा दाढीवाला म्हणतो सेन्सर सोडा, लेन्स बघा. दोघांच्याही शर्टाला इस्त्री नाही, तेव्हा दोघेही बाद. रुपेरी बरा वाटू लागलाय.

२८ सप्टेंबर, रविवार
सोनुबाई हिरवं लुगडं नेसून, ठुशी घालून सकाळपासून ओटीवर. एक गाल सुजलेला. उद्याच दात काढणार. म्हणाल्या, आज काड गं बाय. समजावलं, दसरा आलाच की, आणि सुजेवर पोर्ट्रेट होत नसतं. तर म्हणाल्या, दात मुहूर्त बघत नाय. कलेला घाई चालत नाही हे या लोकांना कोण शिकवणार?

२ ऑक्टोबर, दसरा
घेतला! रुपेरी. हर्षलाने हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला, त्यात कॅमेरा दिसेनासा झाला. चालू केला तर म्हणतो कार्ड नाही. ते वेगळं घ्यावं लागतं. दरोडेखोर. सोनुबाईंनी तोंडावर पदर घेतलेला. म्हणाल्या, आता कशाला? झाला माजा फोटू.
रविवारी संध्याकाळी हर्षलाने काढलेला. मोबाईलवर. सुजलेला गाल पलीकडे, उन्हात लुगडं हिरवंगार, आणि सोनुबाई हलत्या दातांनी अशा हसताहेत की यमालाही चहा विचारतील. बराच वेळ पाहिला. कोपऱ्यात बादली आलीय, ते मात्र सांगितलं.
मग सोनुबाईंनी विचारलं, तुजा हाय का गं, हाराचा? नाही. हर्षलाने लगेच मोबाईल धरला. मी नको म्हणते तोवर पदराआडून सोनुबाई, दाव गं दात, तुजे तरी हायत! मला हसू फुटलं. तेवढ्यात काढलाच.

५ ऑक्टोबर
कार्ड आणायला निघाले. वाटेत फ्रेमवाला लागला. हर्षलाने पाठवलेला माझा फोटो दाखवला, केवळ हाराच्या फोटोच्या फ्रेमचा भाव विचारायला. त्याने तो मोठा करून पाहिला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे. आवाज खाली आणून म्हणाला, बहीण का तुमची? किती हसऱ्या होत्या हो. कधी गेल्या?
म्हटलं, अजून ठरवलेलं नाही.