अठ्ठेचाळीस हजारांत न बसणारी सत्तावन्न भाषणं

चि. हरिओमराव जावईबापू यांस कडूबाचे आशीर्वाद, आणि जावई म्हणून वर एक नमस्कार.

संगणकापुढे बसून ‘काहीतरी चुकले आहे’ एवढंच वाचायला मिळालेल्या तमाम पीडितांनो! (सवयीनं अनेकवचन झालं. समोर एक माणूस असला तरी मला सभा दिसते. खोडत नाही.) तुम्ही पगार घेऊन पीडित, मी फुकट पीडित, पण आपलं गाऱ्हाणं एकच: चुकलं म्हणून सांगतात, काय चुकलं ते सांगत नाहीत. तुमची तब्येत बरी असेल, एमआयडीसीतल्या कंपनीत जाताना उन्हाचा रुमाल बांधत असाल, आणि शीतल तुमचं ऐकत असेल (माझं कधी ऐकलं नाही, पण तो आता तुमचा प्रश्न). इकडे सर्व क्षेम. तुमच्या सासूबाई, गोजरबाई, ठणठणीत आहेत, त्याचे पुरावे पुढे येतील.

तर जालन्याच्या एका लहानशा रेडिओ केंद्रानं माझी मुलींच्या शिक्षणावरची भाषणं रोज सकाळी लावायचं कबूल केलं आहे. गेली अठरा वर्षं मी गावोगाव उभा राहून एकच गोष्ट ओरडतो आहे, की दहावी झालेली पोरगी चुलीपुढे बसवू नका, जीपमध्ये बसवा आणि घनसावंगीला कॉलेजात धाडा. पहिल्या वर्षी आपल्या गावातून त्या जीपमध्ये बसलेली पोरगी एकच होती, आणि तिच्याशी तुमचं लग्न झालं आहे. म्हणजे या भाषणांचे लाभार्थी तुम्हीही आहात, हे नम्रपणे नमूद करतो. रेडिओच्या बाईंची अट एवढीच, की सगळ्या फाइली अठ्ठेचाळीस हजारांत करून शनिवारी संध्याकाळपर्यंत द्या. (एका सेकंदाच्या आवाजाचे किती तुकडे मोजून ठेवायचे, त्याचा हा आकडा. माझ्या जुन्या रेकॉर्डरनं बावीस हजार पन्नासच मोजले होते. गरीब यंत्र, जमेल तेवढं मोजलं.) नाहीतर ती वेळ रखमाजीला. रखमाजी शेळीच्या जंतांवर बोलतो. त्याची चार मिनिटांची फाइल पहिल्या फटक्यात पास झाली. फाइलचं नाव ‘शेळी’. माझं शेळीशी वैर नाही. पण पोरींचे बाप सकाळी चहा पितात ती घटका, आणि ती घटका जंतांना द्यायची, हे मी जिवंत असेपर्यंत होणे नाही!

एकेक फाइल बदलायला वेळ कुणाला? मी एकशे अठरा फाइली एकदम त्या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये लोटल्या. एकसष्ट पास, सत्तावन्न नापास. आता निकाल नीट बघा. हळदीकुंकवाची भाषणं पास. शोकसभा पास. सेवानिवृत्तीचे सत्कार झाडून पास. आणि ज्या मोठ्या सभांत मी बापांची झोप उडवली, त्या नेमक्या नापास! मी वाचणारा माणूस आहे, हरिओमराव. सत्तेनं जहाल शब्दांची मुस्कटदाबी कशी केली याचा इतिहास मला पाठ आहे. हे यंत्र मवाळांना पुढे सोडतं आणि जहालांना अडवतं, असा सिद्धांत मी मांडला आणि त्या यंत्रालाच उद्देशून पाऊण तास सप्रमाण बोललो. त्यानं प्रतिवाद केला नाही. (मी ते माझ्या विजयात धरलं.)

तेवढ्यात चुलीपासून आवाज आला, “अवो, वरडून काय राह्यले? त्या नापासातल्या एकाचं नाव तर वाचून दाखवा.”

मी वाचलं: ‘मुलींचे शिक्षण, अध्यक्ष माननीय सरपंच, प्रमुख पाहुणे माननीय सभापती, विशेष उपस्थिती माननीय माजी सभापती, सोसायटीचे चेअरमन, व्हाईस चेअरमन, संचालक, तंटामुक्तीचे अध्यक्ष, स्वागतोत्सुक...’ असं नावागावासकट शेवटपर्यंत. फाइलीला मी सभेच्या पत्रिकेवरचंच नाव देतो, त्यात मानपान सांभाळला जातो. वाचून दम खाल्ला तर गोजरबाई म्हणाल्या, “नाव सरंस्तोर माझ्या तीन भाकरी झाल्या. मंग त्या मशीनचा काय दोष?”

दोष खरंच नव्हता. फाइलीच्या नावाला आणि तिच्या पत्त्याला मिळून अक्षरांची मर्यादा असते म्हणे. माझी नावं आधीच काठोकाठ, त्यात प्रोग्रॅम शेवटी ‘रूपांतरित’ असं आणखी एक बिरूद चढवायला जातो. घनसावंगीच्या जीपमध्ये बावीसजण बसल्यावर तेविसाव्यानं पाय ठेवावा तसा प्रकार. जहाल सभेला पाहुणे जास्त म्हणून नाव लांब, शोकसभेला कमी म्हणून आखूड. माझा सिद्धांत तिथंच वारला.

आता मी नावं कापायला बसलो. पण कुणाचं कापू? एकदा पत्रिकेवर व्हाईस चेअरमन राहून गेले, तर त्यांनी आमच्याकडच्या तीन लग्नांना येणं टाळलं (तुमचं त्यातलंच एक). म्हणून न कापता दुसरा प्रोग्रॅम शोधला. त्यात फाइलीवरचा आकडा नुसता बदलता येतो. बावीस हजार पन्नास खोडलं, अठ्ठेचाळीस हजार लिहिलं, सत्तावन्न फाइली मिनिटात तयार, एरर एकही नाही! पन्नास किलोच्या पोत्यावर शंभर लिहिल्यानं कापूस वाढत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला तेव्हा सुचू नये, याची लाज वाटते.

आनंदाच्या भरात मी चावडीसमोर वीस-पंचवीस मंडळी जमवून स्पीकरवर पहिलं भाषण लावलं. यंत्रानं माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि दुपटीहून जास्त वेगानं धावत सुटलं. ज्या आवाजानं सभा हादरायच्या तो चिमणीचा झाला. चाळीस मिनिटांचं भाषण अठरा मिनिटांत खलास. आणि हरिओमराव, इतक्या वर्षांत प्रथमच कुणी मधे उठलं नाही! रखमाजीनं टाळ्या वाजवल्या. “कडूबाअण्णा, आज बिलकुल बराबर बोलले. जल्दी बोलले!” असं वर ऐकवलं. गोजरबाई फक्त एवढंच म्हणाल्या, की या भाषणाला शेवट आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तर हे सगळं सहज कळवलं. जावयाला काम सांगण्याइतका निर्लज्ज मी नाही. शीतलला आशीर्वाद.

तुमचा,
कडूबा

ता.क. अधिक महिना चालू आहे. धोंड्याच्या जेवणाला तुम्ही दोघं येत्या शनिवारी यावं. अनारसे तेहतीस पक्के, मोजून घ्या. लॅपटॉप आणलात तर त्यालाही पाट मांडू.

ता.क. दुसरा. हे पत्र शीतलच्या व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवतो, पोस्टात शनिवार बुडेल. आत्ताच रेडिओच्या बाईंचा फोन आला. भाषण वीस मिनिटांच्या वर एक सेकंद चालणार नाही. मी ताठपणे सांगितलं, की माझ्या भाषणात कापण्यासारखं काही नाही. मग मूळ फाइली पुन्हा ऐकल्या. प्रत्येकीत पोरींचा पहिला उल्लेख एकविसाव्या मिनिटाला आहे. त्याआधी सगळे माननीय.

ता.क. तिसरा, आणि खरं पत्र इथून वाचायला घ्या. आकडा पूर्ववत करून नीट रूपांतर करणं, फाइलींना आखूड नावं देणं, हे मी घाम गाळून शिकेन. पण ती पहिली वीस मिनिटं मी कापली, तर माझ्यावर अकरा घरं रुसतील आणि त्यांच्या पोरींना जीपमध्ये बसवा म्हणायला मला तोंड उरणार नाही. तुमच्यावर मात्र कुणी रुसू शकत नाही. तुम्ही गावचे जावई. तुम्ही माननीय सभापती कापलेत तरी ते तुम्हाला चहाच पाजतील. म्हणून हरिओमराव, कसलाही संकोच न धरता शनिवारी सकाळी दहाच्या आत या, आणि सत्तावन्न भाषणांची पहिली वीस मिनिटं तुमच्या हातानं कापा!