हिच्या केसांसाठी चौथी बाटली

३ फेब्रुवारी
आज हिला रडवलं. कोंड्याचा औषधी शाम्पू! दुकानदार म्हणाला, "डोळे झाकून घेऊन जा, काका." मीही घेतला. टाळू लालभडक झाली. हिला बोलता येत नाही, नुसते डोळे वाहतात. झटका आला त्याला उद्या तीन महिने होतील. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले ते केस — कमरेपर्यंत. तेही पडून पडून गठ्ठा झालेले, खाली खपल्या.

५ फेब्रुवारी
लहान बाळांचा शाम्पू आणला. डोळ्यांना झोंबत नाही, हे खरं. पण केसांतलं तेल जसंच्या तसं! पलंगाच्या कडेला हिचं डोकं, खाली बादली, वर तांब्या घेऊन मी. गादी भिजली.

आयुष्यभर रंगारीकाम केलं. ऑइलपेंटचा ब्रश टर्पेंटाइनने, डिस्टेंपरचा पाण्याने धुवायचा — झोपेतही सांगेन. आणि पस्तीस वर्षं शेजारी झोपणारी बाई केस कशाने धुते, ते माहीत नाही! बाथरूमच्या फळीवर तिची बाटली असायची. कधी बघितलीच नाही. दवाखान्यातून परत आलो, तोवर शेजारणीने आवराआवरीत ती फेकून दिली होती.

६ फेब्रुवारी
काही केलं नाही. हिच्याकडे बघत बसलो.

९ फेब्रुवारी
दर आठवड्याला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "वास नसलेला, सौम्य घ्या. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून बघा. पाण्यात पातळ करून फक्त टाळूला चोळा, काका." हे आधी कुणी का नाही सांगितलं?

दुकानात तासभर बारीक अक्षरं वाचत होतो. शेवटी एका बाईंना वाचायला लावलं. "कुणासाठी?" "बायकोसाठी." "नशीबवान आहेत हो!" तिसरी बाटली घेऊन निघालो.

११ फेब्रुवारी
आग झाली नाही. खपल्या मऊ पडल्या. पण गाठी! कंगवा दिसला की ही तोंड फिरवते. मुलीचा फोन आला. "बाबा, कापून टाका ना." मी फोनच ठेवून दिला. हिच्याजवळ उरलंय काय? तेवढंही काढून घेऊ?

१५ फेब्रुवारी
चौथी बाटली, गुंता सोडवणारी. दोन तास बसलो. मूठभर केस हातात आले. मी हरलो. वाटतं, हिच्याआधी आपण सुटावं — छे! मग हिचं कोण करणार?

१८ फेब्रुवारी
मुलगी आली. मला विचारलंच नाही. पलंगावर बसून हिलाच म्हणाली, "आई, कापू?" हिने मान हलवली. हो! मी गॅलरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कात्रीचा आवाज तिथेही येत होता.

आत गेलो. ही डावा हात उघड्या मानेवरून फिरवत होती.

"हलकं," म्हणाली. साडेतीन महिन्यांतला पहिला शब्द.