दादाच्या नावाचा बिगुल

नाशिक,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सार्थक यास ताईचे अनेक आशीर्वाद.

परवापासून तुझा फोन लागत नाही, म्हणून पत्र. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडलीय. आई सकाळभर अंगणात उन्हाला बसते.

दादाच्या नावाचा चांदीचा बिगुल रविवारी शाळेला दिला. तुम्ही दोघं शिकलात त्याच मैदानावर, मुलांच्या संचलनात. आईने आपले चांदीचे तोडे दिले, पूजेचं तबक दिलं, तुझे बारशाचे वाळेसुद्धा दिले. सराफ बाजारातल्या जमीलभाईंनी सगळं आटवून बिगुल घडवला. 'मेजर महेश गांगुर्डे' ही अक्षरं कोरायला घेतली, तेव्हा आई म्हणाली, "नाव जरा वर घ्या. खाली तेवढीच जागा राहू द्या."

"तारीख टाकायचीय का, आई?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसती राहू द्या."

जमीलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुकानाबाहेर येऊन उभी राहिले.

कार्यक्रम छान झाला. बिगुल वाजला तेव्हा सगळे ताठ उभे होते. आई खुर्चीतच बसून राहिली. रिक्षात म्हणाली, "हर्षाली, हा आवाज मला पुन्हा ऐकवू नका."

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

जूनमध्ये आईने तुझ्या कर्नलसाहेबांना अर्ज लिहून घेतला होता. एक मुलगा गेलाय, दुसऱ्याला पुढच्या चौकीवर पाठवू नका, एवढाच. सही तिची, अक्षर माझं. टाकायलाही माझ्याकडेच दिला. मी तो टाकला नाही. माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला आणि तिला सांगितलं, पाठवला. पाच महिने ती विचारतेय, "साहेबांचं उत्तर आलं का गं?"

तुला कमीपणा वाटेल म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. दादा गेल्यावर माझ्या शाळेत, गल्लीत, लग्नकार्यात लोक मला पुढे बसवायला लागले. 'हिचा दुसरा भाऊही सीमेवर आहे' असं कुणी म्हटलं की मला बरं वाटायचं, सार्थक. मला त्या मानाची सवय झाली होती.

आणि काल तुझं पत्र आलं. पंधरा तारखेला वर निघतोयस. दादाच्याच चौकीवर.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाली, "कागद आण. आत्ता लिही." सही करताना मी कागद धरायला हात पुढे केला. तिने माझा हात झटकला. पाकीट स्वतः पोस्टात नेऊन दिलं, मला सोबत घेतलं नाही. मी तुमच्या कार्यालयात फोन केला. ते म्हणाले, लेखी येऊ द्या, मग बघू.

स्पीड पोस्टला तिकडे पाच दिवस लागतात. तू तिसऱ्या दिवशी निघणार. मी बोटांवर पुन्हा पुन्हा मोजतेय.

सकाळपासून आई माझ्याशी बोललेली नाही. दाराकडे तोंड करून बसलीय.

तूही बोलू नकोस हवं तर. पण रागवायला का होईना, घरी ये.

तुझी अपराधी,
ताई