मला न्यायला कोणी आले नव्हते

मी, श्यामकांत गणेश टिपणीस, वय चाळीस, धंदा गोदामातील कारकुनी व त्याआधी फुटबॉल, राहणार बालीगंज, कलकत्ता, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. छाती दगा देते आहे, पण डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांचे मत पडले. ते नेहमीच तसे होते असे नाही, हे पुढे कळेल.

कलम १. माझा प्रॉव्हिडंट फंड, पोस्टातील शिल्लक आणि घरातील सर्व चीजवस्तू पत्नी सौ. सरला हिला मिळावी. शिवणयंत्र मुळात तिचेच आहे. ते तिला देण्याचा मोठेपणा मी घेत नाही.

कलम २. मी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये राइट हाफ म्हणून खेळलो. कागदोपत्री आम्ही हौशी, पोट मात्र त्यावरच चाले. चांदीचा म्हणून दिलेला कप काळा पडला आहे. मुलगी लीना हिला तो पेने ठेवायला हवा असल्यास घ्यावा. कोरे बूट आमच्या क्लबाच्या तंबूतील (इथे मैदानावर क्लबाची कचेरी तंबूतच असते) माळी हरिपद यांना द्यावेत. आम्ही अनवाणी खेळायचो. हे बूट मी मोठ्या क्लबासाठी घेतले होते, त्याची हकीकत पुढे येते.

कलम ३. क्लब बदलण्याचा मोसम आला की इथले मोठे क्लब चांगल्या खेळाडूंना लपवून ठेवतात, दुसऱ्याने पळवू नये म्हणून. १९४९ साली मी घरी सांगितले की एक मोठा क्लब मला लपवणार आहे. तसे कोणीही म्हणाले नव्हते. एका सामन्यानंतर एक गृहस्थ पाठ थोपटून 'भालो, भालो' म्हणाले होते, तेवढ्यावर मी हुरळलो. वय उतरणीला लागले होते. सियालदहजवळ मी स्वतःच खोली घेतली. मी लपलो आहे अशी बोलवा झाली की कोणीतरी खरेच शोधत येईल, असा माझा होरा होता.

निघताना सरलेला बजावले, "माझा पत्ता कोणाला सांगायचा नाही. आई आजारी आहे असं सांगतसुद्धा माणसं येतील. ती त्यांची नेहमीची चाल असते. दिनकरलाही सांगू नकोस, तो दुसऱ्या क्लबाचा सभासद आहे."

आई माझा धाकटा भाऊ दिनकर याच्याकडे राहत असे. ती खरेच आजारी पडली. दिनकर मला न्यायला आला, तेव्हा सरला दारातच म्हणाली, "भावजी, आईंचं नाव घेऊन तुम्हीसुद्धा?" तो परत गेला आणि पुन्हा आला नाही. आई त्याच रात्री गेली. थोरला मी, पण अग्नी दिनकरने दिला.

दुसऱ्या दिवशी मोसमाची मुदत संपली. मी घरी आलो आणि चपला काढता काढता विचारले, "कोणी आलं होतं का?" आत दिनकर बसला होता. त्याचे डोके भादरलेले होते.

मी चार माणसांत सरलेवर ओरडलो, "एवढं तरी कळायला नको?" तिने मान खाली घातली. आपण क्लबाचे गुपित सांभाळत होतो असे ती आजही समजते. तेव्हापासून आईच्या श्राद्धाला दिनकरकडे पाटावर मी बसतो आणि सरला इथे एकटी असते. मला याची लाज वाटते. घास गिळतानाही वाटते, आणि तरी मी गिळतो.

कलम ४. माझ्यामागे या शहरात सरलेला आणि लीनाला दिनकरच्या घराखेरीज आपले कोणी नाही. म्हणून तिच्या माथी मारलेला दोष मी या कलमाने परत घेतो. क्लब नव्हताच. आईच्या पाटल्या थोरल्या सुनेला मिळायच्या होत्या, त्या दिनकरकडेच राहिल्या. त्या मागायला मला तोंड नाही. पुढच्या श्राद्धाला तिला बोलवावे, एवढीच विनंती आहे.

कलम ५. दिनकरला मी काही ठेवलेले नाही. ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकील म्हणतात, आणि मला त्याची साक्ष हवी आहे. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही म्हणे. त्याने वाचावा.

स्थळ: कलकत्ता
दिनांक: १९ फेब्रुवारी १९५६
(सही) श्यामकांत गणेश टिपणीस

यांनी आमच्यासमक्ष सही केली:

१. शरच्चंद्र गोविंद पोतनीस, वकील

२. दिनकर गणेश टिपणीस. मजकूर वाचला. त्या संध्याकाळी मी एकटाच परतलो तेव्हा आई म्हणाली, "शामूला बोलावू नका, त्याचा क्लब हातचा जाईल." म्हणून मी पुन्हा गेलो नाही. हे मी वहिनींना आजवर सांगितलेले नाही.