घरचं बियाणं

९ फेब्रुवारी
नागपूर. परवा ऑपरेशन. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं : हृदयाभोवती पातळ पिशवी असते, तिचाच तुकडा कापून फाटक्या झडपेला शिवायचा. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि त्या गोळीवर बाळंतपण धोक्याचं. म्हणून दुरुस्तीच करा, असं दोनदा बजावलं. फॉर्मवर ‘दुरुस्ती किंवा बदल’ होतं. बदल नाइलाज झाला तरच, म्हणाले. सही केली. लग्नाला सहा वर्षं, लेकरू या झडपेपायी अडलं.
बाहेर प्र. (आमचे कुंकवाचे धनी) सासूबाईंना फोनवर सांगत होता, “इकतचं नाही लावत. घरचंच बियानं हाय.” शेतकऱ्याला दुसरं काय सुचणार. हसू आलं.

१४ फेब्रु.
जिवंत. प्र.ला पहिला प्रश्न : घरचंच लावलं ना? मान डोलावली. डोळे पुसत होता. किती जीव लावतो, वाटलं.

२ मार्च
राळेगाव, घर. बैठकीतलं मोठं घड्याळ प्र.नं माझ्या उशाशी भिंतीवर लावलं. गोळीची वेळ चुकू नये म्हणे. फार टकटक करतं. असो, रक्त पातळ करायची गोळी दुरुस्तीनंतरही लागते, पण तीनच महिने. तिच्यावर पालेभाजी चालत नाही, अंबाडीची भाजी जपून खायची. सासूबाई समोर बसून चापतात.

११ मे
सोयाबीनची उगवण लावली. दरवर्षी माझंच काम, ओल्या पोत्यात शंभर दाणे, किती उगवतात पाहायला. तीन महिने झाले. गोळी कधी बंद, विचारलं. प्र. म्हणाला, डॉक्टर अजून घ्या म्हणतात. किती दिवस? तर गोठ्यात निघून गेला.

१३ मे
दुपारी लाइन गेली. कूलर बंद, घर चिडीचूप. टकटक चालू. वर पाहिलं तर घड्याळ अडीचवर थांबलेलं. मोबाइलमध्ये पावणेचार.
श्वास रोखला. माझ्याच छातीतून.

१४ मे
ऑपरेशनची फाइल दवाखान्यात जमा आहे, असं प्र. म्हणाला होता. बियाण्याच्या कोठीत सापडली, पोत्यांखाली. झडप धातूची.
संध्याकाळी समोर धरली. तेव्हा बोलला. शिवलेली झडप थोडी गळत होती. डॉक्टर बाहेर आले, पुन्हा शिवून पाहू की बदलू विचारलं. हा म्हणाला, बदला.
“पुन्हा शिवलं अन् पुन्हा फाटलं तर? मले तू पायजे होती, लेकरू नाही.”
“मंग खोटं काहून बोलले?”

भीती वाटली असेल, कबूल. तेवढं मी पोटात घातलं असतं. पण घड्याळ? ते त्यानं माझ्या छातीतली टकटक झाकायला, विचार करून लावलं.

१५ मे
सासूबाईंनाही ठाऊक होतं. फसवलं मला सगळ्यांनी. चहा केला नाही कुणाला.

१७ मे
उगवण पाहिली. शंभरात एक्याऐंशी. बियाणं चांगलं आहे. घरच्या माणसाची अशी पारख कुठल्या पोत्यात करायची?
प्र. नवा सेल घेऊन आला. घड्याळाला हात लावू दिला नाही.
सोमवारी नागपूरची तारीख. या गोळीवर लेकरू होतं का, कसं, हे मीच विचारणार. जेवताना म्हणाला, “मी येऊ ना संग?” मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. लाइन नव्हती. त्याचा घास हातातच राहिला.
त्यालाही ऐकू येत होतं.