शेवटच्या कडव्याची पहिली अक्षरं

१२ जून
बोलावणं आलं! आपले कवी आबीलियो चौकात उभे राहणार, एकोणतीस तारखेला, संत पेद्रूच्या सणाला. पुतळ्याखालच्या दगडावर त्यांच्या 'दुष्काळातली शेळी'चं शेवटचं कडवं. पुस्तिका गावात एकही उरली नाही, वाळवीने वाचल्या सगळ्या. मग पाठ कुणाला? मला! शाळेत क्लोतिल्दीबाईंनी छडी हातात घेऊन करून घेतलेलं. सत्तर वर्षं झाली, अजून जिभेवर आहे.

१३ जून
पाथरवट झेनिवाल्दो : "आजोबा, कडवं लवकर सांगा. नाहीतर सासूवरचं माझंच काहीतरी कोरतो."

१५ जून
घोळ! त्या काळी पुस्तिका बाजारात दोरीवर टांगून विकत. छापणारे वर भलत्याचंच नाव टाकत. म्हणून रचणारा शेवटच्या कडव्यात सही लपवायचा : सहा ओळींची पहिली अक्षरं, वरून खाली. आबीलियो म्हणजे आ, ब, इ, ल, इ, ओ. मी लिहून पाहिलं. मधल्या तीन ओळी चोख. बाकीच्या आबीलियोत बसतच नाहीत! 'आ' हवा तिथे 'ओ', 'ब' हवा तिथे 'द', शेवटी 'ओ' हवा तिथे 'आ'. म्हातारपण माझं—की बाई पाठ देताना डुलक्या घेत होत्या?

१७ जून
दुरुस्त केलं! 'ओढा आटला'चं 'आटला ओढा'. अर्थ तोच, अक्षर जागेवर. बाकीच्या दोन ओळींना जरा जास्त ठोकावं लागलं. काय पण सुचतं या वयात!

२४ जून
कोरून झालं. मक्याचा केक दोनदा खाल्ला.

२५ जून
आबीलियोची बायको काठी टेकत झेनिवाल्दोकडे आली. मी तिथेच होतो. वय पंच्याण्णव. दगडावरून बोट फिरवलं. "कुठल्या गाढवाने तीन ओळी बिघडवल्या?"
झेनिवाल्दोने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. मेला!
म्हटलं, "वहिनी, कवीची सही जुळत नव्हती."
"कवीची!" इतकी हसली की कवळी सावरावी लागली. "आबीलियो गायचा छान रे. गायचा." मग एकदम, "माझं नाव काय, सांग बघू."
मी झेनिवाल्दोला कोपर मारलं. त्यालाही ठाऊक नाही. सगळं गाव तिला आबीलियोची बायकोच म्हणतं!
"विचारून ये कुणालातरी," म्हणाली नि निघून गेली.

२६ जून
चर्चमधली लग्नाची जुनी वही. ओदीलिया.
ओ, द, इ, ल, इ, आ.
झेनिवाल्दोला म्हटलं, बाबा, दगड उलटा कर, तिच्या ओळी पुन्हा कोरायच्यात.